हातचा एक अंश

वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी लिफ्टमध्ये माझे आभार मानले आणि तिथून माझं सगळं बिनसलं. बँकेतून निवृत्त झालेला, कुंड्यांचं वेड असलेला भला माणूस. हातात दुधाची पिशवी, गळ्याभोवती मफलर, चेहऱ्यावर घरात नातवंड आल्यासारखा आनंद. "तुमच्यामुळे माझी गुलाबं वाचली हो! काल तुमचं ऐकलं आणि लगेच सगळी झाकून टाकली. नाहीतर गेलीच होती बघा." मी हसले. हसले म्हणजे काय, तोंड पसरलं. काल संध्याकाळी रेडिओवरून मीच सांगितलं होतं की पहाटे पारा दोनपर्यंत उतरेल, सखल भागात दव गोठेल, कोवळ्या रोपांना जपा. आणि उतरला होता पाचपर्यंत. मध्येच कुठून तरी ढग आले आणि पांघरूण घातल्यासारखे शहरावर पसरून राहिले. पाच अंशांत गुलाबाला काय होतंय? गुलाब मजेत असतो. ती गुलाबं रात्रभर उघडी राहिली असती तरी वाचलीच असती, हे सांगायला दोन मजल्यांचा वेळ पुष्कळ होता. मी म्हटलं, "हो का? वा, छान." लिफ्ट थांबली आणि ते मला आधी बाहेर पडू देण्यासाठी अदबीनं बाजूला झाले.

बाहेर येऊन वर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या सगळ्या बाल्कन्यांतून कुंड्या गुंडाळून ठेवलेल्या. कुणी चादर, कुणी जुना रेनकोट, कुणी लहान मुलाची दुलई. एका बाल्कनीत एक बाई खुर्चीवर चढून उंच कुंडीवरचा टॉवेल सोडवत होती आणि खाली तिचा नवरा खुर्ची धरून उभा होता. रविवारची सकाळ, माणसांनी लोळत पडावं, तर ही सगळी माझ्या एका वाक्यापायी कामाला लागलेली. आणि त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर राग नाही. राग असता तर बरं वाटलं असतं. कुणी वरून ओरडलं असतं, "काय हो हवामानबाई, कुठंय तुमचं दव?" तर मी मान खाली घालून बस गाठली असती आणि विषय संपला असता. पण आमच्या धंद्यात असं होत नाही. थंडी पडेल म्हटलं आणि पडली नाही, तर लोक म्हणतात थोडक्यात वाचलो. पडणार नाही म्हटलं आणि पडली, तर मग आहेच आमची शोभा. म्हणून साहेबांनी मी नवी असताना शिकवलं होतं, "एक अंश हातचा ठेवत जा. तीन येत असले तर दोन सांग, दोन येत असले तर एक. कुणी भांडायला येत नाही." आमच्या खोलीत त्याला हातचाच म्हणतात. गणितातला हातचा पुढच्या घरात मिळवायचा असतो, आमचा तसाच हातात राहतो. काल माझ्या हिशेबानं तीन येत होते. मी दोन सांगितले. म्हणजे ढगांनी केली ती चूक दोन अंशांची आणि उरलेली माझी, मुद्दाम केलेली.

खरं सांगायचं तर साहेबांनी शिकवायची गरजच नव्हती. माझा स्वभावच हातचा ठेवणारा. शाळेत पेपर सोपा गेला तरी मी घरी येऊन म्हणायची, काठावर पास होईन. पाहुणे चार येणार असले तर आईला सहा सांगायची. गाडी चुकेल म्हणून इतकी लवकर निघायची की आधीचीच गाडी मिळायची. दादा, माझा थोरला भाऊ, त्यावरून मला फार छळायचा. निकालाच्या आदल्या रात्री बाबा काळजीत बसले की तो त्यांना म्हणायचा, "बाबा, ही घाबरट आहे. ही जे सांगते त्यात थोडं मिळवून धरायचं. झोपा तुम्ही." आणि खरंच बाबा झोपायचे. दादाला जाऊन आता काही वर्षं झाली. शहराच्या कडेला त्याची रोपांची नर्सरी होती, ती आता वहिनी एकटी चालवते. टोमॅटो, मिरची, कोबी, थोडी फुलझाडं. आसपासचे बागवाले तिच्याकडून रोपं नेतात आणि आपापल्या शेतात लावतात. हंगामाची रोपं एकदा तयार झाली की तिचं वर्ष निघतं. त्या रविवारी मी तिच्याकडेच निघाले होते आणि बसमध्ये खिडकीशी बसून सारखी बाल्कन्या मोजत होते.

पोचले तेव्हा वहिनी वाफ्यांमधल्या वाटेवर झारी घेऊन उभी होती. रोपं उंचीला हातभराहून थोडी कमी, पण अशी टवटवीत की हात फिरवावासा वाटावा. सगळे वाफे उघडे होते. प्लॅस्टिकच्या कागदाच्या गुंडाळ्या भिंतीपाशी ओळीनं ठेवलेल्या. म्हणजे हिनं काल संध्याकाळी हे सगळं एकटीनं झाकलं, रात्रभर काळजी केली आणि सकाळी उठून पुन्हा एकटीनं उघडून गुंडाळलं, असं माझ्या मनात आलं. त्या गुंडाळ्यांवर धूळ होती. ती मला दिसली. डोळ्यांना दिसली म्हणजे माणसाला दिसली असं नाही.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. मी तिच्याहून लहान, लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जाणारी पोर. पण तेव्हापासून ती मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते, अर्धं मानानं आणि अर्धं चेष्टेनं. "या, बसा. आज सुट्टी का ढगांना?"

"संध्याकाळची ड्यूटी आहे. वहिनी, काल फार त्रास झाला ना गं तुला?"

"कसला त्रास?"

"हेच. झाकाझाकी. आणि शेवटी काहीच नाही पडलं."

"छे हो," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. बघा, मी मनात म्हटलं, हिच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. चहा पिताना तिचे केस सुटले. तिनं उजवा हात वर उचलला, तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. चेहरा कसानुसा झाला. मग डाव्या हातानं तिनं केस पुढे घेतले, जरा वेळ नुसते धरून ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जरा अंबाडा घालून देता का? खांदा धरलाय मेला." मी तिच्या मागे बसले. या बाईनं मला शाळेच्या दिवसांत रोज वेणी घालून दिली होती. आईला घाई असायची, आई ओढून बांधायची. वहिनीचा हात हलका. एकेक बट सोडवत ती मला विचारायची, आज कुठला तास, कोण रागावलं, कोण बोललं नाही. आता तिचे केस माझ्या हातात होते, पातळ झालेले, आणि ते बांधताना माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, वहिनी संध्याकाळच्या वाऱ्यात त्या लांबलचक कागदाचं टोक उचलतेय, वर, खांद्याच्या वर, एकदा, पुन्हा एकदा, दर आठवड्याला. सगळं माझ्या हातच्यापायी. मी माझं नाव खराब होऊ नये म्हणून एक अंश खिशात घालते आणि त्याची किंमत हिचा खांदा देतो. अंबाडा नीट बसेना. दोनदा सोडला आणि पुन्हा घातला.

"काय झालं? गप्पशा?" तिनं विचारलं.

"काही नाही. पिना कुठायत?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी एक अंश कमी सांगते, वहिनी, असं एवढंच. साधं वाक्य. पण मग ती म्हणाली असती, म्हणजे इतकी वर्षं? त्यापेक्षा आजपासून सरळ वागावं, न बोलता सुधारावं, हे मला जास्त सोयीचं वाटलं. सुधारण्यातही मी स्वतःपुरती पळवाट काढली, हे आता कळतं. निघताना वहिनीनं मला फाटकापर्यंत सोडलं. म्हणाली, "ही खेप तेवढी नीट निघाली की सुटले. येत्या आठवड्यात सगळी जायची आहेत." मी तिच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि मनाशी पक्कं केलं.

आमची खोली तळमजल्यावर आहे. मागच्या बाजूला हिरवळीचा चौकोन, त्यावर पांढऱ्या झडपांची पेटी आणि पेटीत तापमापक. आत तीन टेबलं, एक कधीच नीट न लागणारी खिडकी, आणि कोपऱ्यात भिंतींना गोधड्या ठोकलेली चिंचोळी जागा, तिथे बसून मी रोजचा अंदाज बोलते. तोच रेडिओवर जातो आणि फोनवरही ऐकता येतो. त्या संध्याकाळी साहेब बाहेरगावी होते. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा पडलेला, हवा कोरडी. अशा रात्री जमीन आपली ऊब सोडून देते आणि वर धरून ठेवायला काही नसतं. मी आकडे मांडले. दोन आले. पुन्हा मांडले, पुन्हा दोन. हात सवयीनं एक लिहायला गेला. मी पेन खाली ठेवलं. बँकवाल्यांचा मफलर आठवला, खुर्चीवर चढलेली बाई आठवली, अर्ध्यावर थांबलेला वहिनीचा हात आठवला. म्हटलं, पुरे झालं. दोन तर दोन. दोन ऐकूनही लोक झाकतातच, झाकायलाच हवं, पण निदान आज जे झाकतील ते खऱ्यासाठी झाकतील. गोधड्यांच्या खोलीत जाऊन मी माझ्या त्याच शांत आवाजात बोलले, "पहाटेचं किमान तापमान दोन अंश. सखल भागात दव गोठण्याची शक्यता." बोलून बाहेर आले तर इतकं हलकं वाटलं की टेबलावरचं सगळं आवरून टाकलं, खिडकीसुद्धा एका झटक्यात लागली.

मग न राहवून वहिनीला फोन केला. आम्ही घरच्यांना वेगळं काही सांगत नाही, तो कानाला खडा. आकडा सांगायचा, हुकूम सोडायचा नाही. पण आज मला तिचा आवाज ऐकायचा होता. "ऐकलंस का गं?"

"ऐकलं की. दोन."

"हो. दोन," मी म्हटलं. माझ्या आवाजात केवढा अभिमान असेल! "वहिनी, खांद्याला जप हं."

"माझ्या खांद्याची काळजी सोडा. तुम्ही जेवलात का?" मी म्हटलं जेवते, आणि आम्ही फोन ठेवला. बस्स. एवढंच बोलणं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

सकाळी जाग आली तीच आनंदानं. खाली उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरी साय धरल्यासारखं दव गोठलं होतं. समोरच्या बाल्कन्या सगळ्या झाकलेल्या, चादरी, टॉवेल, रेनकोट, दुलई, आणि आज मला त्यांच्याकडे मान वर करून पाहता आलं. ऑफिसात फोन लावला. पेटीतला पारा बरोबर दोनवर टेकून परत चढला होता. साहेबांचाही फोन आला, "वा! अगदी नेमकं. हातचासुद्धा नाही ठेवला?" "नाही ठेवला," मी म्हटलं. त्यांना काही ते फारसं आवडलं नाही, पण आकडा बरोबर आल्यावर बोलणार काय. मी तशीच बस धरून वहिनीकडे निघाले. का, तर तिला सांगायला नाही, खरं म्हणजे मिरवायला. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. बघ वहिनी, काल तू झाकलंस ते वाया गेलं नाही. यापुढे तुला उगाच कष्ट पडणार नाहीत. पंधरावीस वर्षांत इतक्या खुशीत मी त्या बसमध्ये बसले नसेन.

फाटकातूनच कळलं. सगळे वाफे उघडे होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोपं आडवी पडलेली, काळपट, ओली, शिजवून पिळून ठेवलेल्या पालेभाजीसारखी. कालची ती टवटवी कुठे गेली म्हणून मी वेड्यासारखी आजूबाजूला पाहिलं, जणू चुकून दुसऱ्याच कुणाच्या नर्सरीत आले. फक्त भिंतीच्या कडेचा एक वाफा, विटांच्या उबेत राहिलेला, हिरवा होता. प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या काल होत्या तिथेच, तशाच. धूळही तशीच, फक्त तिच्यावर आता दव. वहिनी उपड्या बादलीवर बसली होती. अंबाडा मी घातलेलाच, एका बाजूला कलंडलेला. रडत नव्हती. हातात एक रोप मुळासकट धरून त्याची माती झाडत होती, पुन्हा पुन्हा, झाडायला काही उरलं नव्हतं तरी.

"वहिनी! अगं, झाकलं नाहीस? मी दोन सांगितले होते ना!"

तिनं वर पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, नुसता गोंधळ. "हो. दोन. म्हणजे तीन ना तुमचे?"

मी वाटेवरच थांबले.

"तुमचे दादा सांगायचे," ती समजावून सांगावं तशी म्हणाली, जणू चूक तिची आणि ती मला पटवून द्यायची आहे. "तुम्ही नोकरीला लागलात त्याच वर्षी त्यांनी खांबावर तापमापक लावला. रोज पाहायचे. म्हणायचे, आमची घाबरट आहे, एक कमी सांगते, आपण एक मिळवायचा. एक सांगितला तर झाकायचं, दोन सांगितले तर झोपायचं. कधी चुकलं नाही हो. इतक्या वर्षांत एकदाही नाही. परवा तुम्ही दोन म्हणालात, मी झोपले, काही झालं नाही. काल पण दोन म्हणालात."

"मग तुझा खांदा?"

"खांद्याचं काय? खांदा वयाचा आहे."

बोंबला. म्हणजे तिला मी कधी छळलंच नव्हतं. सगळं शहर माझ्या हातच्यापायी चादरी घेऊन धावत होतं आणि ही एकटी बाई दादाच्या शब्दावर निवांत झोपत होती. बँकवाल्यांची गुलाबं आज खरोखर वाचली, खुर्चीवरच्या बाईची कुंडी वाचली. मला जे ओळखत नव्हते ते सगळे वाचले. जिनं मला ओळखलं, माझी भीती पोटात घातली, आणि त्याबद्दल मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही, तिचं वर्ष मी एका रात्रीत खाल्लं. तेही खरं बोलून. काल दुपारी तिचे केस माझ्या हातात होते, तोंड उघडायला सबंध दुपार होती. संध्याकाळी ती फोनवर होती, आणि मी तिला काय सांगितलं, खांद्याला जप. मी तिच्यासमोर मातीत बसले. "मला का नाही सांगितलंस गं कधी?" असं विचारलं आणि विचारता विचारताच लाज वाटली.

"सांगून काय करायचं होतं? तुम्हाला वाईट वाटलं असतं. ते म्हणायचे, तिला बोलू नकोस, ती अजून एक कमी करेल." एवढं म्हणून ती हसली, खरंच हसली, आणि त्या हसण्यातच तिचा चेहरा मोडला. मग ती रडली. मी तिला जवळ घेतलं, दुखऱ्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं. काल मी मुद्दामच हातचा ठेवला नाही, हे मी तिला सांगितलं. तुझा खांदा पाहून, तुला त्रास नको म्हणून. तिनं ऐकलं, डोळे पुसले आणि हातातलं रोप खाली ठेवलं. शेवटी म्हणाली, "माझ्यासाठी केलंत," आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो आयुष्यभर उराशी धरला असता, इतकी मला त्याची गरज होती.

दिवसभर आम्ही मेलेली रोपं उपटून ढीग केला. मी ऑफिसात कळवलं की उशिरा येईन, अंदाज मात्र इथूनच मांडून फोनवर देईन. दुपार कलली तसं आकाश पुन्हा कालच्यासारखं निवळत गेलं. मी वाटेवर उभी राहून सहकाऱ्याकडून आकडे घेतले, मनात मांडले, आणि तीन आले. तीन. तेवढ्यात वहिनीनं भिंतीकडच्या, उरलेल्या एकुलत्या एक वाफ्यापाशी जाऊन मला विचारलं, "आज किती, वन्सं?"

"तीन," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलले, मिळवत होते की वजा करत होते कोण जाणे, आणि मग थांबले. इतक्या वर्षांत तिला मला हे कधी विचारावं लागलं नव्हतं.

"तुमचे तीन, की खरे तीन?"

खरे, असं मी म्हणाले. बहुतेक म्हणाले. तिनं मान हलवली आणि वाकून प्लॅस्टिकची गुंडाळी सोडायला घेतली, तिनाला झाकायची काही गरज नसताना. एका हातानं तिला ती ओढवेना. मी पलीकडे गेले आणि दुसरं टोक धरलं. आयुष्यभर मी लोकांना रोपं झाका म्हणून सांगत आले, पण तो कागद मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेत होते. तो थंड होता, आणि चांगला जड होता.